उंबराखालचा डोह

मुकेशने खुर्ची पुढे ओढली आणि शहापूरच्या सायबर कॅफेतल्या मळक्या पडद्यावर बोट ठेवून आपल्याच मासेमारीच्या ब्लॉगमधली ओळ पुन्हा वाचली. 'आसनगावच्या पुलाखाली मरळ हमखास लागते.' हे त्याने लिहिलंच नव्हतं. त्याने लिहिला होता गावामागचा, उंबराखालचा डोह. खाली डोंबिवलीच्या कुणीतरी कळवलं होतं, 'सर, पुलाखाली डासांशिवाय काही लागलं नाही.'

ब्लॉग मुकेशचा; त्याचे कागद तपासून टाइप करायची त्याची बायको संघरत्ना. ती शाळेत मराठी शिकवायची आणि नवऱ्यालाही सोडायची नाही. पाच किलोचा मासा दिसला की विचारायची, "थापेसकट की थाप काढून?" आणि दीड किलोचा करून टाकायची. तेवढं मुकेश हसून सोसायचा. पण जागाच बदलायची म्हणजे काय!

"पूल कुठनं आला गो?" त्याने घरी येताच विचारलं.

"चुकून झालं असेल," ती मान वर न करता म्हणाली.

पोरांच्या वहीतला अनुस्वार न सोडणारी बाई, आणि चुकून अख्खा डोह उचलून पुलाखाली ठेवते? ओट्यावर त्याचे वडील, केरू, तळपायाला चिंधी बांधत बसले होते.

"काय झालं, बाबा?"

"काटा गेला," ते सुनेकडे बघत म्हणाले.

दाल में कुछ काला है, मुकेशने ताडलं. रविवारी आपला घरात पाय ठरत नाही म्हणून ही दोघं मिळून ब्लॉग बुडवायला बसली असणार. कल्याणच्या ऑफिसात त्याला सगळे 'ए मुकेश' म्हणायचे. इथे मात्र अनोळखी माणसं 'सर' म्हणत होती. तेवढं एकच त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यावरच घरातून घाव! त्याला फार लागलं.

पुढच्या रविवारी मुरबाडला जातो सांगून तो निघाला आणि वळसा घालून डोहाकाठच्या करवंदीच्या जाळीमागे येऊन उभा राहिला.

केरूंच्या हातात गळ नव्हता. ते वाकून फुटक्या बाटल्यांच्या काचा माशांच्या टोपलीत टाकत होते. पायाची चिंधी लाल झाली होती. संघरत्ना पाण्यातून वेफर्सची पाकिटं ओढत होती.

"बाबा, सांगून टाकते त्यांना. त्यांचंच आधीचं वाचून ही टोळकी आली."

"नको गो. पोराला कदी नाय ते कोन सर म्हनतंय. हुरूप मोडंल त्याचा. तू नुसती जागा बदलत जा."

"त्यांना संशय आलाय."

"येऊं दे. माशाला पन येतो, तरी गळ गिळतोच ना?"

मुकेशला पुढे जाववेना. लाजेने त्याचे कान तापले होते. आला तसा तो मागच्या मागे फिरला.

संध्याकाळी त्याने नवा कागद बायकोपुढे ठेवला. 'उंबराचा डोह आटला. आता म्हसा गावाच्या पुढे सातवाकीच्या डोहावर चला. मी स्वतः तिथे पाच किलोची मरळ काढली.' संघरत्नाने तो दोनदा वाचला.

"हे सातवाकी कुठं आलं?"

"कुठंच नाय."

लाल पेन कागदावर टेकला, पण उमटला नाही.

"आणि मरळ?"

"कर दीड किलो."

"नको," ती म्हणाली. "पाचच राहू दे."

पुढच्या आठवड्यात मुकेशने डोहावर जाऊन बापाशेजारी गळ टाकला. टोपलीत बोटभर मासे होते.

"काटा निघाला का, बाबा?"

"निघाला."

मग त्याने खिशातून सायबरमधून छापून आणलेला कागद काढला आणि कुणा कल्याणकराची प्रतिक्रिया मोठ्याने वाचली. 'सातवाकीला जाऊन आलो. सहा किलोची मरळ! धन्यवाद, सर.'

केरूंनी गळावरची नजर हलवली नाही.

"सहा किलो? मंग आपुन उगाच हितं बसलोय की रं!"