उन्हाळाभर तेवत राहिलेली

शेकोटीच्या गॅसनळीच्या पितळी नटावर एक फुगा आला... आला, की होताच? साबणाचं पाणी ब्रशने लावलं की फेस होतोच, तो हिशेबात धरायचा नाही. थांबायचं, आणि त्यातला एखादा आपसूक मोठा होऊ लागला तर तो गॅस — असं ओरेस्त सांगायचा. सांगायचा, आणि स्वतः मात्र भिंतीतल्या शेकोटीपुढे नाक जमिनीला लावून हुंगत सुटायचा. "साबण तुझ्यासारख्यांना गं, लरिसा. माझं नाक बघ!"

लरिसा पोटावर आडवी पडून त्या फुग्याकडे बघत राहिली. तिला नाक उरलेलंच नव्हतं. ज्या तापाने मार्चमध्ये नवऱ्याला, ओरेस्तला नेलं, त्यानेच तिचे सगळे वास नेले — ज्या कोटात तो अजून आहे असं सासूबाई रडत म्हणाल्या, तो कोट तिच्यासाठी नुसती लोकर होता... आणि नादियाचं डोकं. लेकीच्या टाळूवर नाक टेकून ती कितीदा तरी बसली होती, बंद दारापाशी बसावं तशी.

फुगा फुटला. दुसरा आला नाही. सांधा घट्ट होता.

फोन वाजला. एडमंटनहून सासूबाई.

"पेटली का गं? की येऊ गाडी घेऊन?"

"बघतेय, आई."

"बघतेयस काय! बर्फात वीज गेली की घर तापवणारी तळघरातली भट्टी गारठलीच म्हणून समज. शेकोटी पेटली तर राहा तिथे, नाहीतर लेकरू घेऊन आजच माझ्याकडे यायचं. आणि ईस्टरला अख्खं गाव शेकोटीतली पायलटची ज्योत बंद करतं, तू उन्हाळाभर तेवत ठेवलीस! चर्च आहे का ते?"

लरिसाने फोन ठेवला. ती छोटी ज्योत ओरेस्तने लावलेली होती, हे कसं सांगायचं? तो गेल्यावर ईस्टर आला, सणाचा पास्का पाव भाजून झाला, जुलैत खोली उकडून निघाली, तरी तिचा हात त्या नॉबपर्यंत गेला नाही... आणि परवा असा वारा सुटला, की धुराड्यातून उतरून त्याने ती नेली. तेव्हा ती नादियाचे मोजे वाळत घालत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

नॉब ओरेस्तने ठेवला होता तिथेच होता. खरं तर आधी तो बंद करायचा, साचलेला गॅस जाऊ द्यायचा. ते पहिलं काम तिने शेवटासाठी ठेवलं होतं. तिने तो फिरवला. खिडकी उघडून बराच वेळ उभी राहिली. वाऱ्यात कापलेल्या गव्हाचा वास असणार... असेल.

मग नॉब पायलटवर आणून दाबला, खटका ओढला. निळी ज्योत उठली. आता अंगठा उचलायचा नाही — शेजारचं धातूचं टोक तापेपर्यंत धरून ठेवायचं, नाहीतर विझते. पलीकडे नादिया चमच्याने डबा बडवत होती. अंगठा दुखू लागला, आणि अगदी स्पष्ट मनात आलं: विझू दे. मला नाही जमत. विझली तर कुणी हरली म्हणणार नाही, बिचारी म्हणतील. आई येतील, पिशव्या भरतील, त्यांच्या स्वयंपाकघरात मी पोटभर रडेन...

अंगठा सुटला — की तिनेच सोडला?

ज्योत थरथरली. राहिली.

आनंद होईल असं तिला वाटलं होतं. पण त्या इवल्याशा निळ्या जिभेकडे बघताना तिला एवढंच जाणवत राहिलं, की आता हिवाळा हिच्याच सोबतीने काढायचा, आणि ही ओरेस्तला ओळखतसुद्धा नाही.