शनिवारी मोफत

मास्तरांनी पाटीचा वरचा खिळा उपटला, तशी पाटी एका बाजूने कलंडली आणि खाली उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने ती डोक्यावरच झेलली.

“जपून हो, मास्तर! टक्कल असलं म्हणून काय झालं, आत मेंदू आहे.”

“असेल, तर आजवर दिसला नाही,” वर्कशॉपमधून शिंपीणबाईंचा आवाज आला.

सगळे हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिरा. शिडीवरून उतरून त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली. वर ठळक अक्षरांत ‘पंखे, पंप, मोटर दुरुस्ती’ आणि खाली त्यांच्याच हातची बारीक ओळ होती : ‘शनिवारी दुपारी मोफत. शेजारी बसून शिकावे.’

जागा संध्याकाळी रिकामी करून द्यायची होती. हे ठरवले मुलीने. मास्तरांनी फक्त मान हलवली होती. मात्र तिने एक वाट उघडी ठेवली होती. “चालवणारं कुणी मिळालं तर सांगा, बाबा. भंगारवाल्याला मी लगेच नको म्हणून कळवते.” तेव्हापासून मास्तर मनातल्या मनात एकाच वाक्याची वाट पाहत होते : ‘दुकान मी चालवतो.’ आज अख्खी गल्ली आवराआवरीला आली, तेव्हा त्यांना वाटले, ते वाक्य आता कुणाच्या तरी तोंडून निघेल.

शनिवारच्या त्या उद्योगाला त्यांची दिवंगत पत्नी लष्कराच्या भाकऱ्या म्हणत असे. मास्तरांचे उत्तर ठरलेले असायचे : दुकान गिऱ्हाइकावर उभं राहत नाही, शेजारावर उभं राहतं. आणि ते खोटे नव्हते. शॉर्टसर्किट होऊन अर्धे वर्कशॉप जळाले, तेव्हा याच लोकांनी काजळलेल्या भिंती घासल्या होत्या. ज्याच्या घरी काही बिघडले नव्हते, त्यानेही काहीतरी शोधून दुरुस्तीला आणले होते. मास्तर त्या आधारावर पुन्हा उभे राहिले आणि पूर्वीपेक्षा मन लावून शिकवू लागले. शनिवारी बाकावर बसायला जागा मिळेना. बाकीचे दिवस मात्र हळूहळू रिकामे होत गेले. ते रिकामेपण मुलीने ओळखले. मास्तरांनी त्याला मंदी म्हटले.

दुपार कलली. माणसे न सांगता कामे वाटून घेत होती. कुणी तांब्याच्या तारेची रिळे जाडीप्रमाणे लावली, कुणी बेअरिंगे कागदात गुंडाळली. शिंपीणबाई आणि बेकरीवाला कोपऱ्यातले, मोटरमध्ये तार भरायचे वाइंडिंग मशीन सुटे करायला बसले. हवा तो पाना न मागता एकमेकांच्या हातात येत होता. मास्तरांना वाटले होते, हे काम दिवसभर पुरेल. ते भराभर उरकत चालले होते.

अखेर त्यांनीच विचारले. विचारताना ते एका पान्यावरचा नसलेला डाग पुसत होते.

“बाई, तुमचा हात चांगला बसलाय. हे दुकान तुम्ही चालवाल का?”

शिंपीणबाई मनापासून हसल्या.

“मी? अहो, चालवीनही. पण कुणासाठी? आमच्याकडे पंखा मंदावला, तर सून शेगडी बंद करून येते आणि कपॅसिटर बदलते. याच्या बेकरीतली जळालेली मोटर यानं स्वतः नवी तार घालून भरली.”

“दोनदा जळाली,” बेकरीवाला म्हणाला, “तिसऱ्यांदा धूर माझ्याच कानांतून आला, पण चालली!”

“तेच म्हणते मी. या गल्लीत दुरुस्तीला द्यावं असं कुणाकडे काही उरलंच नाही. तुम्ही हातचं राखून काही ठेवलंच नाहीत, मास्तर.”

त्या कौतुकाने बोलत होत्या. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मास्तरांनी त्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पाना जागेवर ठेवून दिला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “चांगलं झालं.”

मग ते दारात जाऊन उभे राहिले. गल्लीत कुठल्यातरी घरात पंप सुरू झाला. जराही घरघर नव्हती. मास्तर तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.

भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा वाइंडिंग मशीनचे सुटे भाग दाराशी मांडून झाले होते. तो पोते उघडून आत आला आणि मध्येच थबकला. शिंपीणबाई मशीनच्या पायाच्या पट्टीतून काढलेला प्रत्येक बोल्ट वॉशरसकट ज्याच्या त्याच्या भोकात घालून, दोन आटे फिरवून ठेवत होत्या. बेकरीवाला दुसऱ्या बाजूने तेच करत होता. पुन्हा जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून मास्तर जन्मभर असेच करत आले होते. शब्दांत त्यांनी ते कुणाला कधी सांगितले नव्हते.

“अहो बाई, हे काय चाललंय?” भंगारवाला म्हणाला. “भट्टीत जाणार आहे ते. द्या पोत्यात टाकून!”

शिंपीणबाईंचा हात थांबला. अर्धवट फिरवलेल्या बोल्टकडे त्यांनी असे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी लावला होता. बेकरीवाल्याने हातातला वॉशर फरशीवर ठेवला.

“सवय हो,” त्या पुटपुटल्या आणि बोल्ट उलटा फिरवू लागल्या.

“राहू द्या.”

मास्तर दारातून आत आले. गुडघ्यावर हात ठेवत सावकाश त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. फरशीवरचा एक सुटा वॉशर त्यांनी उचलला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुढे केला.

“हा मागच्या पायाचा,” ते म्हणाले. “आधी तो लावा.”

भंगारवाल्याने पोत्याची घडी घातली आणि तो टेम्पोला टेकून उभा राहिला.