न मोजलेली मेंढरं आणि सातचा फोन

मित्रांनो, माझ्या पाठीला काळी चिकटपट्टी आहे, पोटाला रबर आहे आणि पाचाच्या बटणावरचा आकडा पार पुसून गेला आहे. एवढ्यावरून तुम्ही मला ओळखलंच असेल. मी एक जुना बटणांचा मोबाईल आहे. माझ्यावर व्हिडिओ दिसत नाही, गाड्या पळवायचा खेळ नाही, फोटो निघत नाही. विजेरी मात्र आहे, आणि आवाज असा खणखणीत की दोन शेतं ओलांडून ऐकू जावा. हसू नका. दिसतं तसं नसतं, म्हणून तर मी माझी गोष्ट सांगायला बसलोय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण तिथे आम्ही सगळे एकसारखेच होतो. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हिंगोलीच्या बाजारातल्या एका दुकानात. साखऱ्याच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या मुंजाजीने मला तिथून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. पुढे बरीच वर्षं मी त्याच खिशात रानोमाळ हिंडलो. "आमच्या वावरात कधी मेंढरं बसवता?" असं विचारणारे शेतकऱ्यांचे फोन मीच घ्यायचो. मेंढरांच्या लेंडीखताने जमीन सुधारते, म्हणून उन्हाळ्यात मुंजाजीला फार मागणी. दुपारी बाभळीखाली टेकला की तो माझ्यावर गाणी लावायचा. मेंढरंही माझ्या गाण्यांना सरावली होती. ते दिवस मला फार आवडायचे.

मग एक दिवस मुंजाजीने मोठ्या काचेचा मोबाईल आणला. त्यात त्याचा दोष नव्हता. जग पुढे चाललं होतं. "ह्ये जुनं डबडं ठेव माय तुझ्यापाशी, लागलं तर लागलं," असं म्हणून त्याने मला आपल्या आईच्या, सिंधूबाईंच्या हाती दिलं. सिंधूबाईंनी मला भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि त्या विसरूनही गेल्या. सहा महिने मी धूळ खाल्ली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

हे घर गावात नाही. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर आहे. घरात मुंजाजी, त्याची बायको रागिणी, सिंधूबाई आणि मुंजाजीची लेक शिवकन्या, एवढीच माणसं. शिवकन्या तेव्हा सहा वर्षांची होत आली होती. अंगणवाडी गावात, मध्ये ओढा, त्यामुळे तिचं जाणं आठवड्यातून एखाद्या दिवशी व्हायचं. मुंजाजी मेंढरांमागे, रागिणी हळदीच्या कामाला, आणि पोरगी दिवसभर आजीच्या पदराला धरून. याचंच मुंजाजीला मोठं टेन्शन होतं.

"माय, आपन सगळे आडानी. इथं ऱ्हाऊन तिला काय येनार?" तो एकदा जेवताना म्हणाला. "जूनमधी तिला औंढ्याला मावशीकडं ठेवू. तिथं शिकलेली मान्सं हायेत."

"लेकरू इतकं बारीक, त्येला आईपासून तोडतो व्हय?" सिंधूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"तोडत न्हाई. पन माज्यासारखं व्हवू देनार न्हाई तिला."

रागिणीने हातातला तुकडा खाली ठेवला. ती ताटात बघत बसली होती. शेवटी असं ठरलं की एप्रिलमध्ये गावच्या शाळेत पहिलीच्या लेकरांचा मेळावा असतो, तिथे गुरुजींना विचारायचं. पोरगी शाळेला तयार आहे असं ते म्हणाले तर ती इथेच राहील. नाही म्हणाले तर औंढा. त्या दिवसापासून सिंधूबाईंच्या जिवाला घोर लागला.

माझं नशीब पालटलं ते दिपाताईंमुळे. दिपाताई म्हणजे अंगणवाडीच्या सेविका, शेजारच्या तांड्यावरच्या. ज्या घरची लेकरं रोज येऊ शकत नाहीत, त्या घरी त्या स्वतः चालत जायच्या. त्यांनी घरात नजर फिरवली, मला देवळीतून काढलं, पदराने पुसलं आणि विचारलं, "मावशी, ह्यो चालू हाये का?"

"चालू आसंल. पन त्यात चित्र न्हाई."

"चित्र नकोच. रोज सांजच्याला सात वाजता यावर फोन येईल. गोष्ट येईल, गाणं येईल, खेळ सांगतील. तुमी फक्त लेकराला घेऊन ऐकायचं आन सांगतील तसं करायचं. शेवटाला बीप वाजली की काय केलं ते बोलायचं. ते मला ऐकायला मिळतं."

"मी बोलू? मला लिवता येत न्हाई, बाई."

"बोलता येतं ना!" दिपाताई हसून म्हणाल्या.

मित्रांनो, पहिल्या दिवशी सातला मी वाजलो तेव्हा सिंधूबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. माझ्यातून एका बाईंचा गोड आवाज आला. त्यांनी एका आळशी बेडकाची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "आता आजी बेडकासारखी उडी मारतील, बाळ मोजेल." सिंधूबाईंनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं, लुगडं सावरलं आणि चक्क तीन उड्या मारल्या! शिवकन्या हसून हसून लोळली. मग रोजचाच नेम झाला. भाकरी थापताना गोल कोणता ते ओळखायचं. लाकडं लहानमोठी लावायची. टाळ्या वाजवत वीसपर्यंत म्हणायचं. सिंधूबाईंना स्वतःलाच वीसच्या आत दोन आकडे गाळायची सवय होती. ती नातीने मोडली. मी मनात म्हणायचो, वा रे पठ्ठ्या, आता तू मास्तर झालास. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, ते मला लवकरच कळलं.

एका संध्याकाळी माझ्यातला गोड आवाज म्हणाला, "आजचा खेळ अंगणात. तुमच्या घरी कोंबड्या, शेळ्या, मेंढ्या असतील, तर बाळाला सोबत घ्या आणि त्या एक एक करून मोजा."

शिवकन्या टुणकन उठली, कुंपणापाशी गेली आणि बोट दाखवून म्हणाली, "येक, दोन..."

"गप!" सिंधूबाई ओरडल्या. त्यांना मी एवढ्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "मेंढरं मोजत न्हाईत! मोजलेलं घटतं. कुनी सांगितलं तुला?"

पोरीने घाबरून माझ्याकडे बोट केलं. सिंधूबाईंनी मला बंद केलं आणि ज्वारीच्या कोठीत टाकलं. त्या घरची ती जुनी रीत. दिवा लागताना कोणी पाहुणा सहज "किती मेंढरं?" म्हणाला तरी हे लोक "देवाची हायेत" म्हणून विषय बदलतात. त्या शहरातल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. पण मला तर ठाऊक होतं, आणि मी तरीही तसाच बोललो. निरोप्याला निरोप बदलता येत नाही, हेच आमचं दुःख. आठ दिवस मी ज्वारीत पडून होतो. सात वाजायच्या सुमारास कोठीपाशी छोटी पावलं यायची, थोडं थांबायची आणि परत जायची. मेळावा जवळ येत होता, आणि माझ्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे सगळं थांबलं होतं.

नवव्या दिवशी दिपाताई आल्या. "मावशी, फोन काहून बंद केला? आठ दिस झाले, तुमचा आवाज न्हाई."

सिंधूबाईंनी रागारागाने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता दिपाताई समजूत घालणार. पण त्या म्हणाल्या, "खरं हाये मावशी. आमचे पणजोबा बैलांचे तांडे हाकायचे. तेबी बैल मोजत नव्हते म्हने. चूक आमचीच." आणि मग त्यांनी विचारलं, "पन मग सांजच्याला समदी घरी आली का न्हाई, ते तुमाला कसं कळतं?"

"त्यात काय! चिंचोक्यावरून."

त्या सांगत होत्या ते मी कोठीतून कान देऊन ऐकलं. सकाळी मेंढरं कुंपणाच्या तोंडातून एकेक बाहेर पडतात, तेव्हा दर मेंढराला एक चिंचोका गाडग्यात टाकायचा. संध्याकाळी एकेक आत शिरलं की एकेक चिंचोका बाहेर काढायचा. गाडगं रिकामं झालं की सगळी आली. एखादा चिंचोका उरला तर कोणीतरी रानात राहिलं. नवं कोकरू जन्मलं की एक चिंचोका वाढवायचा. आकडा तोंडातून काढायचाच नाही. सिंधूबाईंना हे त्यांच्या सासूने शिकवलं होतं.

"आन गाडग्यातले चिंचोके कोन काढतं?" दिपाताईंनी विचारलं.

"ही. दोन वर्सं झाली. एकदाबी चुकली न्हाई. प्रत्येकीला वळखती ती."

दिपाताई संध्याकाळपर्यंत थांबल्या; पुढचं सगळं मी नंतर सिंधूबाईंच्या तोंडून ऐकलं. मेंढरं आली. शिवकन्या गाडगं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणू लागली, "कानफाटी आली. भुरी आली. लंगडी आली, तिचं कोकरू आलं..." शेवटचा चिंचोका निघाला आणि तिने रिकामं गाडगं उलटं करून दाखवलं.

"मावशी," दिपाताई म्हणाल्या, "एका वस्तूला एक खडा लावायचा, हे शिकवायला आमाला महिने लागतेत. तुमी तर आधीच शिकवून बसल्या! आडानी कोन म्हनलं तुमाला?"

सिंधूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग उठून त्यांनी कोठीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. त्या दिवशी सातला बीप वाजल्यावर त्यांनी चिंचोक्यांची सगळी रीत सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात दिपाताईंनी तो खेळ आणखी कितीतरी घरी शिकवला. मी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज इकडे आणले होते. पहिल्यांदाच या घरचा आवाज मी बाहेर नेला. त्याचा आनंद मी कधीच विसरणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी सिंधूबाईंनी मला कमरेच्या चंचीत घेतलं. सोबत सुपारीही होती आणि मूठभर चिंचोकेही. चंचीची नाडी सैल होती, त्या फटीतून मला थोडंफार दिसत होतं. शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली होती. शिवकन्याने चेंडू झेलला, रंग ओळखले, बेडकाची गोष्ट सांगितली. मुंजाजी जरा सैल होऊन उभा राहिला. मग गुरुजींनी एक मोठं चित्र पुढे केलं. डोंगर, झुडपं आणि मेंढ्या.

"सांग बाळ, यात मेंढ्या किती?"

शिवकन्याने हात पाठीमागे घेतले. गुरुजींनी पुन्हा विचारलं. तिने मान खाली घातली.

"मोज ना. एक, दोन... येत नाही का?" गुरुजी मायेनेच म्हणाले, पण हातातली पेन्सिल कागदाकडे वळली. "मुंजाजी, मोजणीत जरा कच्ची दिसते."

"मी म्हनलं व्हतं, माय," मुंजाजी हळूच म्हणाला. रागिणी लेकीच्या मागे येऊन उभी राहिली. चंचीत माझा जीव गुदमरला. मोजायला तिला मीच तर शिकवलं होतं! पण त्या क्षणी मी वाजलो असतो तरी काय उपयोग होता?

"कच्ची न्हाई, गुरुजी," सिंधूबाई पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या शाळेत बोलत होत्या. "आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. ती आमचंच ऐकून राहिली." त्यांनी चंची सोडली आणि चिंचोके नातीच्या ओंजळीत ओतले. "लाव बाई. कागदाच्या मेंढराचे चिंचोके मोजले तर चालतंय."

चंचीचं तोंड आता पुरतं उघडं राहिलं होतं, त्यामुळे पुढचं मला नीट दिसलं. शिवकन्याने एकेका मेंढीवर एकेक चिंचोका ठेवला. मग ते उचलून शेजारी ओळीने मांडले आणि बोट लावत मोठ्याने मोजले. "बारा."

"अकरा आहेत बाळ," गुरुजी म्हणाले. "पण छान प्रयत्न केलास."

"बारा हायेत," शिवकन्या म्हणाली. तिने चित्रातल्या झुडपावर बोट ठेवलं. "हितं मागं येक बसली हाये. तिचा कान दिसून राहिला."

गुरुजींनी चष्मा वर केला, चित्र तोंडाशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. "अरे! चार वर्षं झाली हे चित्र दाखवतोय मी," ते म्हणाले, आणि खळखळून हसले. "मुंजाजी, हिला घरी कोणी शिकवलं?"

मुंजाजीने आईकडे पाहिलं. "माज्या मायनं," तो म्हणाला. औंढ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, या घराचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी शिकवतो असं मला वाटत होतं. खरं तर मी फक्त वाजत होतो. उड्या आजीने मारल्या, भाकरीचा गोल आईने दाखवला. म्हणून तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप द्या. मोबाईल साधा असो की मोठ्या काचेचा, तो लेकराच्या हाती देऊन उठून जाऊ नका म्हणावं. शेजारी बसा. आमच्यात आवाज आहे, पण मांडी नाही.

जूनमध्ये शिवकन्या गावच्या शाळेत जाऊ लागली आणि सातचे फोन संपले. पहिल्या दिवशी सात वाजले तेव्हा मला धास्तीच वाटली. आता पुन्हा देवळी, पुन्हा धूळ. पण आजी आणि नात नेहमीच्या जागी येऊन बसल्या. रागिणीने चुलीवरचं उतरवलं आणि तीही आली. मुंजाजीने आपला मोठा मोबाईल खुंटीच्या पिशवीत टाकला आणि लेकीसमोर मांडी घातली. "सांग, काय झालं आज शाळेत?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. मग आजीने गोष्ट सांगितली, तिची स्वतःची, माझ्यातून कधीच न आलेली. बराच वेळ ते हसत होते, आणि मी त्यांच्या मध्येच पडलो होतो, गप्प. त्या संध्याकाळी मी वाजलो नाही, हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.