वनजाच्या जागी कोण?

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कधी कुणी गणितं सोडवली नाहीत की सुविचार लिहिले नाहीत. माझं अंग हिरवं आहे. त्यावर फुटबॉलच्या मैदानाच्या पांढऱ्या रेषा आखलेल्या आहेत, आणि त्या रेषांमध्ये अकरा लोखंडी आकडे ठोकलेले आहेत. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात मुलींचा एक फुटबॉल संघ होता. त्या संघातल्या अकरा जणींची नावं माझ्या अंगावर टांगली जात.

महादेवराव सुतारांनी एका कपाटाची उरलेली पाठ कापून मला बनवलं. मला बनवून घेतलं ते वेंकोजीरावांनी. ते शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर. आपले पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते, असं ते मुलींना दर आठवड्याला सांगत आणि मुली दर आठवड्याला हसू दाबत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी नावांच्या पट्ट्या केल्या. निम्म्या मुली घरी मराठी बोलत, पण शाळेत सगळ्या कन्नड शिकलेल्या, म्हणून नावं कन्नड अक्षरांत रंगवली. प्रत्येक पट्टीला वर एक भोक. पट्टी ज्या आकड्यावर लटकेल, ती त्या मुलीची मैदानावरची जागा.

माझी समज एवढीच. नाव जिथे, मुलगी तिथे. त्यामुळे १९९४ साली आणि त्याच्या पुढच्या वर्षी जे घडलं, ते मला अजूनही नीट उलगडलेलं नाही. जसं पाहिलं तसं सांगतो.

माझ्या बरोबर मध्यावर एक आकडा आहे. तिथे वनजाचं नाव असे. वनजा अठरा वर्षांची, बारीक चणीची, बोलायला कमी. पण संघाचा सगळा खेळ तिच्यातून जायचा. मागून आलेला बॉल ती थांबवायची, मान वर करून बघायची आणि जिला द्यायचा तिलाच द्यायची. वेंकोजीराव खेळ समजावताना सारखे तिच्या नावावर बोट आपटत. त्यामुळे बाकीच्या पट्ट्या गंजल्या, तरी तिची पट्टी चकचकीत राहिली.

त्या ऑगस्टमध्ये सराव करताना वनजाचा पाय मैदानातल्या खड्ड्यात गेला आणि गुडघा पिरगळला. दोघींनी तिला उचलून संघाच्या खोलीत आणलं आणि माझ्यासमोरच्या बाकावर निजवलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "सर, दसऱ्यापर्यंत बरं होईल ना?"

दसऱ्याच्या स्पर्धांना सहा आठवडे उरले होते. वेंकोजीराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "होईल गं, होईल."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिला सांगितलं की वर्षभर मैदानात पाऊल टाकायचं नाही.

संघात मुळात बाराच मुली. बारावी लग्न होऊन हुबळीला गेलेली. म्हणजे उरल्या दहा. आणि मग माझ्या अंगावर जी हलवाहलव सुरू झाली, ती काय सांगू! वेंकोजीरावांनी वनजाच्या आकड्यावर तुळसीचं नाव लावलं. तुळसी वाऱ्यासारखी पळायची, पण पुढे. मध्यावर तिला कुणीकडे तोंड करावं हेच कळेना. तिला काढून दुसरीला लावलं, दुसरीला काढून तिसरीला. एका सकाळी तर मला स्वतःलाच माझी ओळख पटेना. बॅक पुढे, फॉरवर्ड मागे, आणि उजवीकडचा आकडा रिकामा.

"सर, नक्की कोण कुठे?" मुली विचारत.

"गोत्तिल्ला," वेंकोजीराव म्हणत. म्हणजे ठाऊक नाही. हे मात्र ते मुलींना उद्देशून नाही, मिशीतल्या मिशीत म्हणत.

बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या मुलींशी सरावाचा सामना झाला. त्यात आम्ही पाच गोल खाल्ले. पाचवा गोल झाल्यावर आमची गोलकीपर नागरत्ना इतकी चिडली, की गोल सोडून बॉल घेऊन स्वतःच पळत सुटली. दोघींना चुकवून तिने मध्यावरून तुळसीला असा पास दिला, की वेंकोजीराव मला धरून उभे होते ते सोडूनच पुढे धावले. मी तोंडावर पडलो. पुढचं काही दिसलं नाही. परत आल्यावर मात्र त्यांनी नागरत्नाचं नाव गोलमधून काढून मध्यावर लावलं.

"बेड सर, नको," नागरत्ना घाबरून म्हणाली. "ती वनजाची जागा. आणि मग गोलमध्ये कोण?"

पुन्हा तेच. एक भोक बुजवावं तर दुसरं पडत होतं.

आमच्या खोलीला लागून अंबूताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. संघाचे कपडे त्याच शिवत. वय चौतिशीचं, दोन मुलांची आई. त्या दिवशी उसवलेले शर्ट शिवून, एका हातावर टाकून त्या आत आल्या. तुळसीने तेवढ्यात वैतागून बॉलला लाथ मारली. तो भिंतीला लागून थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मी दुभंगणार. अंबूताईंनी शर्ट न सोडता दुसऱ्या हाताने तो बॉल हवेतच धरला.

"अंबूताई," वेंकोजीराव म्हणाले, "पुन्हा एकदा धरा बघू."

"यात काय एवढं? आमचे हे माळ्यावरून कापडाचे तागे टाकतात ते रोज झेलते की मी."

"आमच्या गोलमध्ये उभ्या राहाल?"

"अय्यो! मी आणि फुटबॉल? लोक काय म्हणतील, सर?" त्या खूप हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी माझ्यावरच्या रिकाम्या आकड्याकडे पाहिलं. "सरी, ठीक आहे. एक दिवस बघू."

तो एक दिवस वर्षभर चालला. अंबूताईंनी स्वतःसाठी सैल पँट शिवली. त्यांचे यजमान निवृत्ती मैदानाच्या कडेला येऊन उभे राहत आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे रोखून बघत. त्यांना धरून आम्ही पुन्हा अकरा झालो. दसऱ्यात आम्ही तिसरे आलो. सगळ्यांनी नव्या संघाचं कौतुक केलं.

त्या कौतुकाच्या दिवसांत एका दुपारी वनजा काठी टेकत दारापर्यंत आली. तिने मध्यावरच्या आकड्याला नागरत्नाचं नाव लटकलेलं पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. वेंकोजीराव आतच होते. त्यांनी तिची पाठ पाहिली, पण हाक मारली नाही. का मारली नाही, हे मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात डॉक्टरांनी वनजाला खेळायची परवानगी दिली. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण वेंकोजीराव तिची पट्टी खिशात घेऊन तीन दिवस माझ्यासमोर फेऱ्या मारत राहिले. वनजा मध्यावर आली तर नागरत्ना गोलमध्ये जाणार आणि अंबूताई बाहेर. अंबूताई राहिल्या तर वनजा बाहेर. चौथ्या दिवशी त्यांनी वनजाची पट्टी नागरत्नाच्या पट्टीवरच अडकवली आणि कुणाशी न बोलता निघून गेले. एका आकड्यावर दोन नावं! मित्रांनो, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या जागी कोण खेळणार, हे मी कसं सांगणार होतो?

दुपारी अंबूताई आल्या. त्यांनी मध्यावर वनजाचं नाव पाहिलं. मग गोलमधली आपली पट्टी काढली, पदराने पुसली आणि घेऊन गेल्या.

तासाभराने वनजा आली. तिची नजर मध्यावरच गेली, दुसरीकडे नाही. आपल्या नावाखाली दुसरं नाव लपलेलं पाहून तिने आपली पट्टी काढून घेतली आणि गेली.

मला दोघींनाही ओरडून सांगावंसं वाटलं, "थांबा! तुम्हाला वाटतं तसं नाही." पण कसं होतं, ते तरी मला कुठे ठाऊक होतं?

संध्याकाळी वेंकोजीरावांनी माझ्यावर दहाच नावं पाहिली आणि ती दोनदा मोजली. सकाळी त्यांनी दोघींना बोलावलं.

"नाव कुणी काढलं?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"सर, तुम्ही तीन दिवस बोललाच नाही," अंबूताई म्हणाल्या. "मी समजले, तोंडावर सांगायला जड जात असेल. म्हणून आपणच काढलं."

वनजाचा आवाज बारीक झाला. "मागच्या वर्षी पण तुम्ही बोलला नाही, सर. होईल बरं, म्हणालात. खरं ते डॉक्टरांनी सांगितलं. मी दाराशी आले तेव्हा तुम्ही बघत होता ना?"

वेंकोजीरावांनी टोपी काढली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "कुणाला ठेवू, ते मला खरंच कळत नाही गं."

"मग तसंच सांगायचं ना, सर."

त्यानंतर तिघं माझ्यासमोर बराच वेळ बोलत बसली. वर्षभर सुटी घेतलेल्या गुडघ्याला पूर्ण सामना झेपणार नाही, हे वनजानेच सांगितलं. ठरलं ते असं: मध्यंतरापर्यंत अंबूताई गोलमध्ये. मध्यंतरानंतर वनजा मध्यावर, आणि नागरत्ना गोलमध्ये.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सामन्याला मला नेऊन बाकाला टेकवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. अंबूताईंनी तीन बॉल अडवले, एक सुटला. मध्यंतरानंतर वनजा उतरली, पण बॉल आला की मागे द्यायची. गुडघा दुखत नव्हता. ती घाबरत होती. तेव्हा आमच्या अंबूताई बाकावर उभ्या राहिल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "वनजा! पुढे बघ, पुढे!"

वनजाने मान वर केली, तुळसीला बॉल दिला, परत घेतला आणि गोल केला. एकास एक!

शेवटच्या मिनिटाला नागरत्नाच्या हातून बॉल निसटला. वर्षभर ती गोलमध्ये उभीच राहिली नव्हती. आम्ही हरलो.

परत येताना वनजा म्हणाली, "माझ्यामुळे गेली मॅच. अंबूताई, तुम्ही असता तर तो बॉल अडला असता."

"असेल," अंबूताई म्हणाल्या. "आणि तू नसतीस तर आपला गोल कुणी केला असता? सुम्मने, गप्प बस आता." आणि त्यांनी तिच्या गुडघ्यावर ओला फडका ठेवला.

तिघांनी ठरवलं ते बरोबर होतं की चूक? मित्रांनो, मी कितीदा तरी विचार केला. मला उत्तर सापडलं नाही.

आता तो संघ नाही. तुळसी बोगादीच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि मी तिथल्या सामानाच्या खोलीत आहे. माझ्या आकड्यांवर दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या लटकतात. माझा रंग उडाला आहे, पण मला नवा रंग द्या असं माझं मागणं नाही. माझं मागणं निराळं आहे. तुम्हीही कधी संघ निवडाल, नाटकातल्या भूमिका वाटाल. कुणाचं तरी नाव गळेल. ते गळणारच. तेव्हा यादी लावण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला सांगा. काय करावं ते कळत नसेल, तर कळत नाही असं सांगा. नाहीतर माणसं आपलं नाव आपल्याच हाताने काढतात आणि मुकाट्याने घरी जातात. मी एकाच दुपारी दोघींना तसं जाताना पाहिलं आहे.