रीमाताईची राखी

दिपालीला नवऱ्याच्या सात पिढ्या उकरून काढायची हौस मुळीच नव्हती. तिला रीमाच्या दारात जायचं नव्हतं, एवढंच.

झालं होतं असं, की तिच्या लेकीला, मेघालीला, फार्मसीला जागा मिळाली होती. जागा टिकवायची तर जातीची व्हॅलिडिटी हवी, आणि व्हॅलिडिटी हवी तर बापाच्या घराण्यातल्या कुणाचा तरी सदुसष्ट सालाआधीचा कागद हवा, त्यावर स्वच्छ ‘आगरी’ लिहिलेलं. ओमकार गोदामावर निघाला होता. चपला घालता घालता म्हणाला, "त्यात काय एवढं? रीमाताईच्या भावाची व्हॅलिडिटी झालेली हाय. एकच भावकी आपली. त्याचा कागद जोड, काम खलास."

रीमाताई म्हणे! हे ‘ताई’ प्रकरण आधी नीट समजून घ्या. वीस वर्षांपूर्वी याच रीमाशी ओमकारचं लग्न जमत आलं होतं. ती टेमघरच्या पाटलांची लेक, हा कोन गावच्या पाटलांचा पोरगा, कॉलेजात दोघांचं सूत जुळलेलं. पण ओमकारची आई पुतळाबाई आडवी आली. "पाटील-पाटील एकच भावकी. आपलीच माणसं कोनातून टेमघरला गेली. बहीण लागते ती तुझी, लाज न्हाय वाटत?" संपलं. पोरगा तोंड पाडून बसला. आणि पुतळाबाई अशी खमकी, की त्याच वर्षीच्या नारळी पुनवेला तिनं रीमालाच घरी बोलावून त्याच्या हाताला राखी बांधायला लावली. तेव्हापासून रीमा दर वर्षी येते. लग्न होऊन कल्याणला गेली तरी येते.

आणि दिपाली दर वर्षी बघते. राखी बांधायला असा किती वेळ लागतो हो? हिला लागतो. आधी कुंकू, मग तांदूळ, मग सावकाश ओवाळणं, मग पेढा भरवताना ही हसणार, तो हसणार. पुतळाबाई होती तोवर सुनेचं तोंड बघून म्हणायची, "अगं, बहीण हाय ती त्याची." त्या एका शब्दावर दिपालीनं आजवर संसार रेटला. जळायची, चरफडायची आणि शेवटी स्वतःलाच समजवायची, जाऊ दे मेलं, बहीणच तर आहे.

पण तिच्या घरचा कागद आपल्या लेकीच्या फायलीत? छे! त्यात ओमकारनं दोनदा फोन केला, आणि रीमाचं उत्तर ठरलेलं, "शोधते, देते."

"भाव खाते ती!" दिपाली कडाडली. "आपण हातापाया पडावं असं वाटतंय तिला. राहू दे तो कागद. तुमचे पूर्वज मी शोधते."

मग काय, कंबर कसून निघाली. तहसीलला गेली, तिथे जुन्या नोंदी मोडी लिपीत. वाचणारा माणूस रजेवर. जन्ममृत्यूच्या वहीत ‘पाटील’ म्हणून नावं शोधली, तर एक पाटील सापडेना. शेवटी कोनच्या मराठी शाळेत गेली. तिथल्या गुरुजींनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, फडक्यानं झटकलं आणि म्हणाले, "पाटील शोधू नका बाई. पाटील हा हुद्दा. गावची पाटीलकी ज्याच्याकडे, तो पाटील. मूळ आडनाव काय तुमचं?"

मूळ आडनाव? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं आजेसासऱ्याचं नाव तेवढं सांगितलं. गुरुजींचं बोट एका नावावर थांबलं. ‘पंढरीनाथ पांडू भोईर ऊर्फ पाटील. जात आगरी. राहणार कोन.’ ओमकारचा आजा! दिपालीला वाटलं, गुरुजींच्या पायाच पडावं. लेकीचं काम झालं, आणि रीमाशिवाय झालं.

"हे दुसरेही तुमच्यातलेच का?" गुरुजींनी त्याच पानावर खाली दाखवलं. "टेमघरची पोरं तेव्हा इथंच यायची."

‘केसरीनाथ हिरू तरे ऊर्फ पाटील. राहणार टेमघर.’ केसरीनाथ म्हणजे रीमाचा आजा.

दिपालीनं दोन्ही नावं पुन्हा वाचली. हे भोईर, ते तरे. कसली आलीय भावकी? तिची स्वतःची मावशी भोईरांची सून आणि मावशीची लेक तऱ्यांच्या घरात दिलेली! वाजतगाजत लग्नं लागतात यांच्यात. म्हणजे ओमकारचंही लागलं असतं. सासूला ठाऊक नव्हतं, की रीमा सून म्हणून नको होती आणि तिनं रेटून सांगितलं, देव जाणे. पण बहीण काही नव्हती ती. हे ओमकारला कळलं तर?

वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही त्याचीच लागणार होती. त्याच्यासमोर कागद धरताना तिनं ‘भोईर’ आडनावावर अंगठा ठेवला. त्यानं कागदावर नजर फिरवली. "रीमाताईचा बाप दिसत न्हाय कुठं यात?"

"जागा पुरली न्हाय," दिपाली म्हणाली. "सही करा लवकर."

त्यानं केली.

नारळी पुनवेला रीमा आली. या वेळी पाट दिपालीनंच मांडला, ताटही तिनंच सजवलं. रीमानं राखी बांधली तशी दिपाली पुढे झाली. "घट्ट बांधा ताई. अजून एक गाठ मारा. सुटायला नको."

रीमानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. दिपालीच्या तोंडून ‘ताई’ ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं दुसरी गाठ मारली. मग ताट ठेवायला म्हणून आत आली आणि हळूच म्हणाली, "शाळेतला कागद मिळाला ना, वहिनी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भावाच्या वेळी त्याच पानावरून आमचा कागद मीच काढला होता. मेघाली तेव्हा बालवाडीत होती. म्हणून तर आमचा कागद देत नव्हते. तुमच्या काय कामाचा?"

एवढं बोलून ती बाहेर गेली, ओमकारला "येते" म्हणाली आणि रिक्षात बसली. दिपाली ओट्याला टेकून उभीच. मेघाली बालवाडीत असल्यापासून! म्हणजे सासूच्या धाकानं न्हाय, भावकीच्या मानानं न्हाय. बहीण नाही हे ठाऊक असूनही ही बाई दर वर्षी कल्याणहून येत होती. हळूहळू कुंकू लावत होती, सावकाश ओवाळत होती. आणि आपण येडपट, आज तिला अजून एक गाठ मारायला लावली!

बाहेर ओमकार मनगटावरची राखी सरळ करत बसला होता.

"काढा ती आता," दिपाली म्हणाली. "गोदामावर धुळीत मळेल."

"राहू दे गं," तो हसला. "बहिणीची हाय."

दिपालीनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्याला काही ठाऊक होतं का, ते त्या तोंडावरून कळेना. विचारायची तर तिची छाती होत नव्हती.

"हो तर," ती म्हणाली. "बहीणच लागते ती तुमची."