मैनाबाईची नवमी

आसामातून एक बाई चांदूर बाजारला पत्ता विचारत आली आणि "मी डोमाजींच्या पहिल्या बायकोची नात" म्हणाली, तेव्हा माझ्या डोक्यात आधी आमची संत्र्याची बाग आली. आजकाल मुलींचाही वाटा निघतो. बाई चाळिशीची, नाव नीलम, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय येतो.

डोमाजी म्हणजे आमचे वडील. धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमधून रंगूनच्या भातगिरणीत फिटर म्हणून गेले होते. बेचाळीस साली जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तसे मैनाबाईला घेऊन डोंगरातून पायी निघाले. ती वाटेत तापानं गेली, हे एकटेच परतले आणि पुढं माझ्या आईशी लग्न झालं. अख्ख्या गावाला हे पाठ आहे. ऐकून कोणीही नात बनून येऊ शकतं.

"वाटेत नाई मेली," नीलम म्हणाली. "आसामच्या छावणीत ठेवलं होतं तिले. माही माय पोटात होती. आजोबा म्हने, घरी जातो, पैसे आनतो, मंग घ्याले येतो."

बोली अगदी आमच्या जुन्या बायांची. मी आणखीच सावध झालो. मोबाइलवर काय शिकता येत नाही?

"देव कोनता आपला?"

"बहिरमबुवा."

"हे त बसस्टँडवरचा ऑटोवालाबी सांगते."

"अवो, चहा त पिऊ द्या तिले," माझी बायको आशाबाई म्हणाली. "वकिलावानी काहून मागं लागले?"

"तू थांब. हे सांगा बाई, तुमची आजी इतकी वर्षं तिकडंच काहून राह्यली? गाव त मालूम होतं ना?"

"माय लय म्हने, चाल जाऊ. आजी म्हने, घ्याले आल्याबिगर बाई सासरी जात नसते."

माझी आत्या याच हट्टापायी दोन वर्षं माहेरी बसली होती. असा वेडेपणा आमच्याच बायका करू जाणोत, कोणा ठगाला तो सुचणार नाही. तरी मन मानेना.

"मंग आता काय पाह्यजे तुमाले?"

"काईच नाई. माय ऐंशीच्या वर गेली. तिले एकच गोठ विचाराची हाय. आजी मरेपर्यंत म्हने, त्याह्यले कोनीतरी मी मेली म्हून सांगतलं असन, नाई त आलेच असते. माय विचारते, पितृपक्षात नवमीले तिच्या नावानं सवाष्ण जेवते ना तुमच्या घरी?"

आशाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपक्षात तिनं थोरल्या सासूच्या नावाचं पान मांडलं होतं. वडील भरल्या ताटावरून उठले. "तिच्या नावाचं पान या घरात मांडाचं नाही!" माझ्या आईलाही त्यांनी ते कधी करू दिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, किती जीव होता बिचाऱ्याचा, तिला मेलेली म्हणवत नाही. मी हे नातवंडांना कौतुकानं सांगत आलो.

जिवंत बाईची नवमी कोणी करत नाही. माझ्या बापाला माहीत होतं.

मघापासून मी त्या बाईचं खोटं शोधत होतो.

"करतो ना," मी म्हणालो. "दरसाल. आमची माय करे, आता माही बायको करते."

नीलमनं तिथंच आईला फोन लावला. म्हातारीला कमी ऐकू येत असावं, नीलम ओरडून बोलत होती आणि रडत होती. तिकडच्या भाषेतलं 'नवमी' तेवढं मला कळलं.

"माय विचारते, पानावर काय वाढता?"

मी आशाबाईकडे वळलो.

"खीर, कढी, वडे," आशाबाई म्हणाली. "थोरलीचा मान, पयलं पान तिचंच."

पलीकडून म्हातारी बराच वेळ बोलत राहिली. नीलमनं डोळे पुसले.

"माय म्हनते, बाबा भला मानूस होता. विसरला नाई."

फोनवर होती ती माझी थोरली बहीण. मी मान हलवली. बापाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.