ठोक्याला ठोका

दामासोने वल्ह्याने होडीच्या कडेवर तीन ठोके मारले आणि पाहुण्या बाईंकडे बघून तो मिशीत हसला. "आता बघा गंमत. साहेब येतील."

साहेब म्हणजे मगर. तिथल्या खारफुटीतली सगळ्यात जुनी, पाण्याबाहेर यायला तासन् तास वाट बघायला लावणारी, म्हणून साहेब. पक्षी बघायला आलेल्यांना शंभर पक्ष्यांपेक्षा एक मगर जास्त आवडते, हे दामासोने केव्हाच ओळखलं होतं. मग काय, ठोके मारायचे आणि माशांची आतडी टाकायची. अभयारण्यात हे चालत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण वाहवा कुणाला नको असते!

आणि ठोकेच कशाला मारायचे रे बाबा? शिट्टी घालायची, गाणं म्हणायचं! त्या गावात तीन ठोक्यांना अर्थ होता. तिवरांच्या गल्ल्यांत हाक विरते, पण लाकडाचा आवाज पाण्यावरून लांब जातो. तीन ठोके म्हणजे 'मी इथे आहे, तू कुठे?' ऐकणाऱ्याने तीन ठोक्यांनीच उत्तर द्यायचं. ठोक्याला ठोका आला नाही, तर पलीकडचा माणूस संकटात आहे असं समजून ठोकत राहायचं. पणजोबांपासूनची रीत. या शहाण्याने नेमकी तीच मगरीला शिकवली.

परवाच शेजारच्या फेर्मिनचं कुत्रं मगरीने धक्क्यावरून ओढून नेलं. फेर्मिन खेकड्यांचा पिंजरा होडीवर आपटून गाळ झाडत होता, तेवढ्यात.

"कुत्रं गेल्याचं दुःख नाही रे, पण काळ सोकावतो," फेर्मिन म्हणाला होता. "आणि तो तू सोकावून ठेवलायस."

"तुझ्या कुत्र्याला पोहायला मी शिकवायचं होतं का?" दामासोने थट्टेवारी नेलं.

घरी बायकोने, नेल्मीने, विचारलं तेव्हा मात्र थट्टा चालण्यासारखी नव्हती. ती रोज कमरेइतक्या पाण्यात उतरून खेकडे धरायची. "तुझी शपथ गं, आतडी टाकणं कधीच बंद केलं," तो म्हणाला. "मगरही पलीकडच्या खाडीत गेली. तू खुशाल उतर." शपथ घेताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

आज मगर येईना. समोर उथळ पाण्यात फ्लेमिंगो चरत होते, त्यांचा नुसता कलकलाट चालला होता. एकाएकी सगळ्या माना वर झाल्या. आवाज बंद. सगळा थवा एका बाजूला सरकू लागला.

"अगंबाई, हे गप्प का झाले?" पाहुण्या ओफेलियाबाईंनी विचारलं. मेरिदा शहरातल्या निवृत्त शिक्षिका, गळ्यात भली मोठी दुर्बीण.

"ससाणा असेल," दामासो म्हणाला. आणि त्याने पुन्हा तीन ठोके मारले.

तेवढ्यात पलीकडून उत्तर आलं. ठक, ठक, ठक.

"तुमचे साहेब ठोकेसुद्धा देतात वाटतं!" बाईंनी हसत दुर्बीण लावली. "छे, कुणी बाई आहे. डोक्याला लाल फडकं. होडीला धरून पाण्यात उभी आहे."

लाल फडकं नेल्मीचं. सकाळी दामासोनेच दोरीवरून काढून दिलं होतं.

"नेल्मी! वर चढ! होडीत चढ!" तो ओरडला. पण वारा तोंडावर होता, हाक मागेच गेली. ओहोटी म्हणून इंजिन वर उचललेलं, खाली गाळ. त्याने वल्हं गाळात रोवून जोर लावला. होडी हातभर सरकली आणि रुतून बसली.

"तिच्या मागे ओंडका वाहत येतोय," बाई म्हणाल्या. "पण पाणी तर तिकडे ओसरतंय ना? मग हा उलटा कसा चाललाय?"

दामासोने ओळखलं, तो ओंडका नव्हता. इकडे बोलवायचं मगरीला, आपल्याकडे! त्याने वल्हं उचललं आणि जिवाच्या आकांताने ठोके मारले.

पलीकडून लगेच उत्तर आलं. ठक, ठक, ठक. नवऱ्याचा ठोका ओळखून तिने लाल फडकं सोडून हलवलंसुद्धा.

अरे गाढवा, नेल्मी उत्तर देणारच, आणि मगर जवळच्या ठोक्याकडेच वळणार! त्याने वल्हं छातीशी घट्ट धरलं, पुन्हा वाजू नये म्हणून. मग पलीकडून ठोके आले, आधीपेक्षा घाईचे. उत्तर मिळेना, म्हणून तिला काळजी लागली होती. ठोकावं तरी ती ठोकणार, न ठोकावं तरी ठोकणार.

"नको गं," तो रडत म्हणाला, "माझी काळजी नको करूस, नेल्मी. मी खोटं बोललो. गप्प राहा गं बाई."

"ओंडका दिसत नाही आता," ओफेलियाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुर्बीण हळूच खाली घेतली.

पाण्यावरून पुन्हा आवाज आला. ठक. ठक.

दामासो तिसऱ्याची वाट बघत राहिला.